कूलरमधला कॉम्प्युटर

आमच्या घरात दिवसाचे बहुतेक तास कोणीतरी एक माणूस झोपलेलं असायचं. आई आमच्या नांदुऱ्यातल्याच एका प्रसूतिगृहात नर्स होती आणि तिने रात्रपाळी मागून घेतली होती, कारण त्यामुळे दिवसा घरी राहता येतं असा तिचा हिशोब होता. रात्री आठला ती जायची, सकाळी आठला यायची, आंघोळ करून नऊला झोपायची ती दुपारी तीनपर्यंत. म्हणजे घरी राहायची हे खरं, पण झोपलेली. बाबांचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. शेतातला पंप, पिठाची गिरणी, कूलर, ज्याची मोटर जळली तो बाबांकडे यायचा. ते रात्री नऊला आडवे होत आणि पहाटे पाचला उठत. खोल्या दोन, माणसं तीन. त्यामुळे आवाज न करण्याची एक पद्धत आमच्याकडे आपोआप तयार झाली होती, आणि ती सगळ्यांच्याच घरी असते असं मला लग्न होईपर्यंत वाटत होतं. दाराच्या कडीला बाबांनी वायंडिंगची सुती पट्टी गुंडाळलेली होती. धुतलेली भांडी गोणपाटावर पालथी घालायची. कुकरला शिट्टी होऊ द्यायची नाही. ती फुसफुसायला लागली की चिमट्याने जरा उचलून वाफ सोडायची. त्यामुळे आमची तुरीची डाळ कायम थोडी टचटचीत राहिली आणि आजही मऊ शिजलेली डाळ मला परक्या घरची वाटते. भाकरी संध्याकाळी थापायच्या, कारण तेवढाच एक वेळ तिघंही जागे असायचे. दुपारी त्याच गार भाकरी, ठेचा आणि कच्चा कांदा. कांदा बुक्कीने फोडायला मनाई होती, तो चिरायचा. बोलणं बरंचसं हातांनी चालायचं. दोन बोटं वर केली की चहा, मूठ दाखवली की दुकानाची किल्ली, तळहात पालथा केला की आई आत्ताच झोपली आहे.

यात रेल्वे धरलेली नव्हती. रूळ घरापासून हाकेच्या अंतरावर होते. मालगाडी गेली की छपराचे पत्रे थरथरत आणि फळीवरचे डबे एकमेकांना लागत, पण झोपलेलं माणूस कूस बदलत नसे. कूलरही धरलेला नव्हता. होळी झाली की बाबा तो खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर चढवायचे, आणि पाऊसपाणी नीट सुरू होईपर्यंत तो दिवसरात्र थ्रेशरसारखा घरघरत राहायचा. त्याच्या आवाजाखाली आम्ही मोकळं बोलायचो, कुकरला शिट्टी होऊ द्यायचो, एकदा तर बाबांच्या हातून पितळी घागर पडली तरी आई उठली नाही. मात्र लाइट गेली आणि कूलर थांबला, की त्या शांततेने ती दचकून उठून बसायची आणि विचारायची, "काय झालं?" ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

कॉम्प्युटर आला तो याच कूलरच्या दिवसांत. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि गणित सोडून बाकी विषयांत साधारण होतो. कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या ऑफिसात नवीन मशीन आलं आणि जुनं कोपऱ्यात पडलं. तिथली मोटर बाबांनी भरून, म्हणजे नवी तार गुंडाळून, दिली होती, तेव्हा मालक म्हणाला की घेऊन जा, जागा अडवते. बाबांनी ते सायकलच्या कॅरियरवर बांधून आणलं. त्या काळातही ते जुनंच होतं. वीज देणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, मेलेला होता; मॉनिटर नव्हता; की-बोर्डवर आठचं बटण नव्हतं. आतमध्ये रुईचा थर असा जमला होता की बाबा म्हणाले, "याच्यातून एक उशी निघते." मी पुढचे दोन महिने कॉलेज सुटल्यावर एस.टी.ने खामगावला नाहीतर अकोल्याला दुरुस्तीच्या दुकानांत हिंडलो. मॉनिटर एका ठिकाणी मिळाला, हिरव्या अक्षरांचा. पॉवर सप्लाय दुसरीकडे. आठचं बटण कुठेच मिळालं नाही, तिथे मी बाबांच्या दुकानातला एक लाकडी वेज, म्हणजे मोटरच्या खाचेत तार दाबायला मारतात ती पट्टी, तासून बसवला. हार्ड डिस्क चाळीस एमबीची होती. आज माझ्या फोनमधले दहा फोटो तीत मावणार नाहीत. माझी मुलगी पुण्याला शिकते. मागच्या दिवाळीला माळ्यावर ते धूड तिने पाहिलं आणि म्हणाली, "पप्पा, हे रेट्रो आहे, लोक हौसेने विकत घेतात." आम्ही तेव्हा त्याला भंगार म्हणायचो. वस्तू तीच आहे.

यंत्रात बेसिक ही भाषा होती आणि मला ती एका फाटक्या पुस्तकातून येऊ लागली होती. दुकानाचा हिशोब त्यात बसवावा असं बाबांना वाटत होतं, पण तो त्यांच्या डोक्यात आधीच बसलेला असल्यामुळे मी दुसरं काम घेतलं. कॉलेजच्या ग्रंथालयात मी परिपूर्ण संख्यांबद्दल वाचलं होतं. सहा या संख्येला ती स्वतः सोडली तर एक, दोन आणि तीन यांनी भाग जातो, आणि एक, दोन, तीन यांची बेरीज सहाच होते. अठ्ठावीसचंही तसंच. मग चारशे शहाण्णव, मग आठ हजार एकशे अठ्ठावीस. पाचवी संख्या आठ अंकी आहे एवढंच पुस्तकात होतं; ती कोणती हे सांगणारं पान कोणीतरी फाडून नेलं होतं. मी ठरवलं की ती आपल्या यंत्राने शोधायची, एकेक आकडा तपासत. पहिल्या चार संख्या त्याने जेवणं व्हायच्या आत काढून दिल्या. मग ते पडद्यावर नुसते आकडे मोजत बसलं. मी कागदावर हिशोब केला तेव्हा या वेगाने कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त वीस वर्षं लागणार होती, तेही लाइट गेली नाही तर. लाइट रोज जायची, म्हणून थोड्या थोड्या वेळाने आकडा फ्लॉपीवर उतरवून ठेवायची सोय मी केली.

बाबा एकदा जेवून हात पुसत पडद्यासमोर उभे राहिले.

"हे आकडे कशाचे हायेत?"

"कशाचे नाई. एक संख्या शोधून राह्यलो."

"सापडल्यावर काय करशीन?"

"तिच्या पुढची शोधीन."

बाबांनी आणखी थोडा वेळ पाहिलं. "कापसाच्या ढिगात सुई शोधतेत लोक," ते म्हणाले, "पण सुई हरपलेली तरी असते त्याइची."

तरीही त्यांनी ते बंद करायला सांगितलं नाही. उलट दुकानातून आले की चप्पल काढता काढता पडद्याकडे मान करून विचारायचे, "सापडला काय?" आईही सकाळी ड्यूटीवरून आली की तेच विचारायची. मुलगा झाला की मुलगी हे विचारण्याची जी तिची नेहमीची पट्टी होती, त्याच पट्टीत.

मग उन्हाळा संपला, बाबांनी कूलरची टाकी रिकामी केली, बटण बंद केलं, आणि आमच्या लक्षात आलं की कॉम्प्युटरला आवाज आहे. बारीकसारीक नव्हे. पंखा घरघरायचा, आणि हार्ड डिस्क मध्येच कोणीतरी सरकी चावल्यासारखी कुरकुरायची. इतके दिवस तो आवाज कूलरखाली झाकला गेला होता. तो एकटा उघडा पडला तेव्हा दोन्ही खोल्यांत पुरून उरला. मी बंद ठेवला तर आकडा पुढे सरकत नव्हता. चालू ठेवला तर दिवसा आई जागी आणि रात्री बाबा. आई तक्रार करणारी नव्हती. ती कुशीवर वळून डोक्यावर पदर घ्यायची आणि तीन वाजता लाल डोळ्यांनी उठायची.

श्रावणातल्या एका सकाळी ती आली ती आंघोळीला न जाता उंबऱ्यावरच बसली. बाबा दुकानाला निघाले होते, ते थांबले.

"काय झालं वं?"

"काई नाई. टेबलावर जरा डोकं टेकलं अन् डोळा लागला. मोठ्या बाईनं हालवून उठवलं. इकडं एकीले कळा चालू."

"मंग?"

"मंग काय. उठली मी. पोरगी झाली, मस्त साडेसहा पौंडाची. पण आज उठली. उद्या नाई उठली तं?"

बाबा माझ्याकडे वळले. आवाज न चढवता बोलायची सवय असल्यामुळे त्यांचं रागावणं ऐकू येत नसे, ते बघावं लागे. "पोळ्यापर्यंत याचं तोंड बंद कर," ते म्हणाले. "नाई झालं तं भंगारवाला हाये. तुही संख्या तो शोधीन."

पोळ्याला पुरेसे दिवस होते. कापसाच्या गावात वाढलेल्या माणसाला जे पहिलं सुचेल ते मी केलं. कॅबिनेटच्या आत जिथे जिथे जागा होती तिथे पिंजलेला कापूस ठासला. आवाज जवळजवळ गेला. आईने कानोसा घेतला आणि तळहात पालथा करून मला शाबासकी दिली. अर्ध्या तासाने इस्त्री वर विसरून राहिलेल्या कपड्यासारखा वास आला आणि पडद्यावरचे आकडे थिजले. यंत्र थंड राहायला वारा लागतो आणि मी त्याला थंडीतल्या म्हाताऱ्यासारखं गुंडाळलं होतं. तो कापूस मी पुढे आठवडाभर चिमट्याने वेचत होतो. दुसरा उपाय जमला. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून हार्ड डिस्क त्यांच्यावर झोळीसारखी टांगली. मग तिची कुरकुर पत्र्याला लागेनाशी झाली. पंख्याच्या दांड्यात शिलाई मशीनचं तेल सोडलं. बाबांनी तारा बदलून पंख्याला बारा व्होल्टऐवजी सात दिले, तसा तो हळू फिरू लागला. आवाज निम्मा झाला. पण आमच्या घरात निम्मा आवाज म्हणजेही आवाजच.

शेवटचा उपाय कोणाला आधी सुचला यावर बाबांचं आणि माझं आजवर एकमत झालेलं नाही. कूलर खिडकीबाहेर रिकामा उभा होता. पत्र्याचा भक्कम डबा, तीन बाजूंनी जाळ्या, जाळ्यांना गवताचे पॅड. वारा भरपूर आणि पाऊस वरच्या पत्र्यावर. आम्ही टाकीत विटा मांडल्या, विटांवर फळी, फळीवर कॉम्प्युटर. खिडकीकडच्या तोंडाला प्लायवूड ठोकून त्यावर जुनी गोधडी टांगली आणि तिच्या फटीतून तारा आत घेतल्या. मॉनिटर आणि की-बोर्ड खिडकीलगतच्या टेबलावर. बाबांनी कूलरच्या पंख्याची तार सोडवली, पण पत्र्याचं अर्थिंग राहू दिलं. पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत नेणारी ती तार त्यांनी खूप आधी स्वतः गाडली होती, कारण उन्हाळ्यात कूलरला चिकटून गेलेली माणसं त्यांना ठाऊक होती. बटण दाबलं. आत काहीच ऐकू आलं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आई तीनऐवजी साडेचारला उठली आणि वेळ चुकली म्हणून आमच्यावरच चिडली. आकडा दहा लाखांच्या पुढे गेला होता. येणाऱ्या होळीला कूलर सुरू झाला की कॉम्प्युटर आत घ्यायचा, कारण तेव्हा आवाज चालतो, आणि कूलर बंद झाला की परत कूलरमध्ये. इतकी सरळ व्यवस्था मी नंतरच्या नोकरीतही पाहिली नाही.

पावसाळा संपला आणि दसऱ्याच्या सुमाराला ऊन परत तापलं. आमच्याकडे उन्हाळ्यात एक रीत होती: बाहेरून येणाऱ्याने आत पाय टाकण्याआधी कूलरवर एक बादली मारायची. मागच्या जाळीवर झोकायची, पॅड भिजतात, उरलेलं पाणी खाली टाकीत जातं. पाहुणा आला तरी तो हे करायचा. त्या दिवशी आई ड्यूटीवरून आली तेव्हा सकाळीच घामाच्या धारा लागल्या होत्या, रात्री तिच्याकडे लागोपाठ बाळंतपणं झाली होती. ती नळावर गेली, बादली भरली, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने मागच्या जाळीवर झोकून दिली. मग आत येऊन कूलरचं बटण दाबलं. तो सुरू झाला नाही. दिवाही लागला नाही. लाइट गेली असं समजून ती झोपली.

मी दुपारी आलो तो पडदा काळा, आणि शेजारी मात्र रेडिओ चालू. बाहेर जाऊन पाहिलं तर पॅड ओले, विटा ओल्या, फळी ओली. त्याच वेळी बाबा जेवायला आले. मी त्यांना हाताने बोलावलं. खिडकी उघडी होती आणि खिडकीखालीच आई झोपलेली होती, त्यामुळे पुढचं सगळं आम्ही कुजबुजत केलं.

"आईनं पाणी मारलं," मी म्हणालो. "गेलं सगळं. बोर्डच ओला हाये."

मी जाळीला हात घालणार तोच बाबांनी माझं मनगट धरलं, आणि असं धरलं की त्याचे वळ संध्याकाळपर्यंत होते. खिशातून टेस्टर काढून पत्र्याला लावला. मग आत जाऊन फ्यूज पाहिला. तो उडालेला होता. तार वितळून चिनी मातीवर काळा डाग पडला होता. तो फ्यूज हातात घेऊन ते बाहेर आले आणि कूलरकडे न बघता खिडकीतून आईकडे बघत उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले. तिच्या पोटावरचा पदर वरखाली होत होता, तो ते पाहत होते हे मला नंतर उमगलं. ओले हात, ओले पाय, पत्र्याचा डबा, आणि त्यात आम्ही दोघांनी नेऊन ठेवलेली चालू वीज.

"अर्थिंग होतं," ते शेवटी कुजबुजले.

मला तोवर ते सुचलंही नव्हतं. मी म्हणालो, "हार्ड डिस्क वाचली असंल काय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या घरात ओरडायची सोय असती तर ते त्या दिवशी ओरडले असते. "ते आता घरातच राहीन," ते म्हणाले. "आवाज तं आवाज. अन् हे तिले सांगायचं नाई."

आम्ही मिळून फळी उतरवली. एक वीट माझ्या हातून निसटली, ती बाबांनी पायावर झेलली आणि तोंडातून शब्द काढला नाही. आई त्या दिवशी पाच वाजेपर्यंत झोपली. इतकी झोप तिला कित्येक महिन्यांत मिळाली नव्हती.

उठल्यावर तिला अर्धीच गोष्ट कळली: पाणी तिने मारलं आणि कॉम्प्युटर बंद पडला. ती उघड्या यंत्राजवळ उकिडवी बसली. "मीच मारलं का रे? अरे बाप्पा. कोठपर्यंत आला होता?"

"तेवीस लाख."

ती ड्यूटीला गेली. दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. महिन्यात मोजक्या सुट्ट्या मिळत आणि त्या ती दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा झोपून काढायची. त्या दिवशी ती झोपली नाही. येताना औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणि कापूस घेऊन आली. मोठं पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवून बाबांना म्हणाली, "इथंसा दोनशेचा बल्ब लावून द्या." बाबांनी दुकानातून होल्डर आणला. मग तिने यंत्राचा एकेक भाग स्पिरिटच्या बोळ्याने पुसला आणि खोक्यात जुन्या लुगड्यावर निजवला.

"कमी वजनाचं लेकरू आलं अन् काचेची पेटी खाली नसली, तं आमी असंच ठेवतो," ती म्हणाली.

"जगतेत?" मी विचारलं.

"बरीचशी."

स्टूल घेऊन ती खोक्याजवळ बसली. मधूनमधून हाताची उलटी बाजू बोर्डाला लावून बघायची, जास्त गरम वाटलं तर बल्ब मागे सरकवायची, मग बोर्डाची कूस बदलायची. मला हात लावू दिला नाही. बाबा त्या दिवशी दुकानात गेले नाहीत. दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तिच्यासमोर नेऊन ठेवला, जे एरवी त्यांच्याकडून होत नसे. ती म्हणाली, "आज काय हाये तुमाले?" ते म्हणाले, "काई नाई. पी."

दुपारी तिने सांगितलं, "घे, बघ आता." मी सगळं जोडलं, ट्यूबच्या झोळीत हार्ड डिस्क टांगली आणि बटण दाबलं. पंख्यात पाणी गेलेलं होतं. तो आधी अडखळला, मग खरखरला, आणि मग पहिल्यापेक्षाही मोठ्याने सुरू झाला. हिरवी अक्षरं आली. फ्लॉपी घातली. तेवीस लाखांवरून आकडे पुढे सरकू लागले. "आई" म्हणून हाक मारायला मी वळलो, तर ती स्टुलावरच झोपली होती, डोकं भिंतीला टेकून, मांडीवर स्पिरिटचा बोळा.

माझा हात सवयीने बटणाकडे गेला. बाबा खोलीच्या त्या टोकाला होते. तिथून त्यांनी दोन्ही हात जोरजोरात हलवले. आमच्या खुणांमध्ये ही खूण नव्हती, पण कळली: बंद करू नको, बंद केलंस तर उठेल. मी हात मागे घेतला. खोलीत चक्की चालल्यासारखा आवाज भरला होता आणि आम्ही दोघं त्यात पाय न वाजवता उभे होतो. बाबांनी जाऊन तिच्या डोक्यामागे उशी सरकवली. ती उठली नाही. एक मालगाडी गेली, तेव्हाही नाही.

ती संख्या त्या यंत्राला कधी सापडली नाही. पुढे नोकरीत मला ती एका पुस्तकात दिसली: तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस. मुलीच्या लॅपटॉपने ती चहा गाळेपर्यंत काढली. आई आता पंचाहत्तरीला आली आहे, ऐकायला तिला कमी येतं, आणि फ्यूजची गोष्ट तिला हे वाचूनच कळेल. बाबांची त्याला हरकत नाही असं मी विचारून घेतलं आहे.

त्या दुपारी ती दोन तास झोपली. मग ठरल्या वेळेला लाइट गेली. पंखा गरगरत थांबला, पडदा विझला, आणि त्या शांततेने आई दचकून उठली.

"काय झालं? सापडला काय?"

"नाई," मी म्हणालो. "लाइट गेली."

"मंग आली का लगेच लाव," ती म्हणाली, आणि उशी भिंतीला नीट लावून लाइट यायची वाट बघत बसली.